मोफत वकिलाच्या दाव्यात तज्ज्ञ साक्षीदाराने खर्च आणि मोबदला कसा मागावा

शेजाऱ्याच्या खोदकामाने घराला तडे गेले म्हणून एखादी बाई दावा लावते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तडे मोजणाऱ्या इंजिनिअरला साक्षीचं समन्स येतं आणि तो संकोचतो: गरीब पक्षकाराकडून पैसे कसे मागू? पण मागायचे तिच्याकडून नाहीतच. कोर्ट फी आणि कामकाजाचे इतर खर्च विधी सेवेतच धरलेले आहेत.

१. समन्स नीट वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ नुसार साक्षीदाराचा जाण्यायेण्याचा आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च समन्स मागणाऱ्याने आधीच कोर्टात भरायचा असतो. तज्ज्ञ म्हणून बोलावलं असेल, तर साक्षीचा वेळ आणि त्यासाठी केलेलं तज्ज्ञाचं काम, दोन्हींचा वाजवी मोबदला कोर्ट धरू शकतं.

२. लगेच वकिलांना अंदाजी आकडा लेखी कळवा आणि विधी सेवा समितीकडून (मोफत वकील देणाऱ्या यंत्रणेकडून) तारखेआधी मंजुरी घ्यायला सांगा. "बघू साहेब" यावर थांबू नका. मात्र पैसे आले नाहीत म्हणून तारीख चुकवूही नका; गैरहजेरीबद्दल वॉरंट निघू शकतं.

३. वेळ टिपून ठेवा. माझ्या डायरीतलं एक पान असं आहे: १०.४० हजर, १.१५ पुकारा, २.५० उलटतपासणी, ४.१० मोकळा. मागे एसटीची दोन तिकिटं टाचलेली. त्याखाली जागेची पाहणी आणि अहवालाचे तास वेगळे लिहिलेले.

४. पिंजऱ्यातून उतरण्याआधी अर्ज द्या. माझ्या पहिल्या साक्षीला मी नमस्कार करून घरी आलो. महिन्याने अर्ज केला, तर रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) खर्चाचा शब्दही नव्हता. हाती काही लागलं नाही. तेव्हापासून एकपानी अर्ज खिशात असतो: दावा क्रमांक, हजेरीची तारीख, प्रवास, कामाचे तास, एकूण रक्कम. "साहेब, खर्चाचा आदेश व्हावा," एवढं उभ्या उभ्या म्हणायचं. हजेरीचा दाखलाही त्याच दिवशी घ्यावा.

भरलेली रक्कम अपुरी असेल तर कोर्ट आणखी भरायला सांगू शकतं. साक्ष दुसऱ्या दिवसावर गेली, तर त्या दिवसाच्या खर्चासाठीही तसंच सांगा.

फौजदारी खटल्यात वाट वेगळी: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० खाली साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा आदेश कोर्ट करू शकतं. तिथे आधी सरकारी वकिलांना गाठा.