माठ घामेजला की नाही, ते आधी पाहा

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासच्या कितीतरी घरांत एक भाऊ गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी राजस्थानात, तर दुसरा केरळात असतो आणि दोघे सुट्टीला गावी आले की कोणाचा उन्हाळा वाईट यावर वाद रंगतो. पारा राजस्थानवाल्याच्या बाजूने बोलतो. पण शरीराच्या दृष्टीने खरा प्रश्न घाम सुकतो की नाही, हा असतो. एक लिटर घाम अंगावरच सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून टपकला, तर वाया जातो. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक (पाणी सुकून किती गारवा मिळू शकतो, याचे माप) सुमारे २२ अंशांपर्यंत उतरतो, तर ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तो ३० च्या आसपासच अडतो.

माठ हेच काम घरात करून दाखवतो. एप्रिलात जत-आटपाडीकडच्या कोरड्या वाऱ्यात त्याचे पाणी दातांना लागते. वळिवाच्या आदल्या दिवशी, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात हवा कोंदली की माठ बाहेरून चिंब असतो आणि पाणी मात्र कोमटच राहते. माठातले पाणी गार होईनासे झाले, की आपल्याही सवयी बदलाव्यात.

हवा कोरडी असेल तर सकाळी नऊच्या सुमारास दारे-खिडक्या बंद करून पडदे ओढावेत आणि रात्री सगळे उघडावे. कूलर चालवताना मात्र एक खिडकी किलकिली ठेवावी, नाहीतर खोलीत ओल साठून तो निकामी होतो. बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे आणि डोक्याला उपरणे हवे. या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे; शर्टावर मिठाचे पांढरे डाग उमटले किंवा लघवी गडद झाली, तर पाणी कमी पडले असे समजावे. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेल्यावर पंखा अंगावर गरम वाराच मारतो, त्यामुळे अंग ओले केल्याशिवाय त्याच्याखाली बसू नये.

दमट हवेत यातले बरेचसे उलटते. चुलतभावाकडे केरळात गेलो असता मी गावच्या सवयीने भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या आणि अर्ध्या तासात बनियन पिळून काढावा लागला. तिथे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, पंखा सतत हवा, आणि कूलर लावलाच तर पाण्याचा पंप बंद ठेवून. कपडे पातळ घालावेत व भिजले की बदलावेत, नाहीतर घामोळे उठते. कष्टाची कामे पहाटे उरकावीत, कारण या हवेत विश्रांतीला पर्याय नाही. नव्या हवेची शरीराला सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, तोवर कामाचा वेग बेतानेच वाढवावा.

फार घाम गेल्यास एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे.

अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा आणि शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. कोरड्या हवेत ओले कापड आणि वारा पुरेसा उपयोगी पडतो. दमट हवेत मात्र अंगावर गार पाणी ओतत राहावे, काखेत, मानेशी व जांघेत बर्फ ठेवावा आणि मदत येईपर्यंत हे थांबवू नये.