कॅरिअरचा लोखंडी ब्रॅकेट काढून ॲल्युमिनिअमचा बसवताना

पांदणीतून दुधाच्या कॅन वाहणाऱ्या मोटरसायकलचं मागचं वजन उतरवायचं असेल तर कॅरिअरच्या ब्रॅकेटला हात घाला. ॲक्सल, ब्रेक, हँडल, फूटरेस्टला मात्र अजिबात नाही.

लोखंडाइतक्याच जाडीचं ॲल्युमिनिअम लावलं की ब्रॅकेट झुलतो. ते वजनाला लोखंडाच्या एक-तृतीयांश, पण ताठपणालाही तेवढंच. पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून आडव्या पट्टीला जाडी तिप्पट नाही, १.४४ पटच लागते: ५ मिमीला ७.२, म्हणून ८ घ्या. १५० बाय ६० बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी ३५३ ग्रॅम भरते, ८ मिमी ॲल्युमिनिअमची १९४. बोल्टाकडे ६० मिमी रुंदी ठेवून मोकळ्या टोकाला ४० पर्यंत निमुळती केली की १६२. सगळा जोर बोल्टापाशी येतो, तिथलं काही कापू नका. पट्टी उभी बसत असेल तर जाडीऐवजी उंची वाढवा.

माल ६०६१-टी६ (उष्णतेने कडक केलेलं मिश्र ॲल्युमिनिअम) हाच घ्या, नागपूरहून आणताना पट्टीवरचा शिक्का वाचून. भंगारातलं ओतीव ॲल्युमिनिअम खड्ड्यात कडकन तुटतं. टी६ ला वेल्डिंग केलं तर सांध्याजवळची ताकद निम्म्यावर येते, आणि थंडच वाकवलं तर बाहेरून तडकते. दोन तुकडे बोल्टानेच जोडा.

खुणा मार्करने करा. सुईचा ओरखडा म्हणजे उद्याची चीर. ड्रिलला रॉकेल सोडा, कानशीला आधी खडू घासा, म्हणजे दातांत कीस अडकत नाही. आतला कोपरा किमान ३ मिमी गोल हवा. एम८ (८ मिमी जाड) बोल्टाला ९ मिमीचं भोक, त्याचं मध्य काठापासून १६ मिमी आत. पट्टीतच आटे पाडू नका: ॲल्युमिनिअमला आट्याची खोली बोल्टाच्या दुप्पट, म्हणजे १६ मिमी लागते आणि पट्टी आहे ८ ची. आरपार बोल्ट, दोन्हीकडे रुंद वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने न सुटणारा).

आठवड्याने वॉशरभोवती बोट फिरवा. काळी भुकटी लागली तर बोल्ट ढिला आहे, पट्टी घासली जातेय. हलका का होईना, रोजचा हादरा ॲल्युमिनिअमच्या अंगात साचत जातो, त्यामुळे चीर दिसली की पट्टी बदलायचीच.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात इंजिनचा डोंगा चालवणाऱ्यांनी हाच ब्रॅकेट बनवला तर स्टेनलेस बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर द्या, नाहीतर ओल धरून ॲल्युमिनिअम पांढरं पडून खाल्लं जातं. इंजिनला जस्ताचा ॲनोड (स्वतः झिजून इंजिन वाचवणारा तुकडा) असेल तर तोही बदला. तो समुद्रासाठी असतो. गोड्या पाण्यात त्यावर थर चढून तो झिजायचा थांबतो आणि मग इंजिनचं कवच झिजतं. इथे मॅग्नेशिअमचा लागतो.