न थांबणारी हगवण: जंत की जोन्स?

लावणी आटोपली की मुरबाड-शहापूरकडे गुरांच्या पातळ शेणाच्या तक्रारी वाढतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कोवळा चारा, पोटातले जंत, नाहीतर खाचरातल्या गोगलगायींमुळे पसरणारा यकृतातला चपटा कृमी. शेण तपासून नेमकं औषध पाजलं की जनावर सावरतं. दोनदा औषध देऊनही हगवण परत आली, तर तिसरी बाटली आणण्याआधी जोन्स रोगाचा विचार करा.

हा क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जिवाणूचा आतड्याचा आजार. लागण बहुधा वासरू सहा महिन्यांचं होण्याआधी होते. लक्षणं दिसतात दोन ते पाच वर्षांनी, बऱ्याचदा व्यायल्यानंतर. ताप नसतो, रक्त पडत नाही, सुरुवातीला जनावर चांगलं खातं, तरी पिचकारीसारखं शेण टाकत वाळत जातं. मध्येच बरं वाटतं आणि मालक निर्धास्त होतो. शेवटी जबड्याखाली पाणी उतरतं. ते चपट्या कृमीनेही उतरतं, पण त्यात डोळ्यांची आतली कड पांढरी पडते. तरी नजरेवर निदान सोडू नका. शेणाचा नमुना आणि रक्त दवाखान्यात द्या. तिथून ते पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतं. दवाखाना लांब असेल तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. एकदा 'नाही' असा निकाल आला म्हणून जनावर सुटलं असं नाही. सुरुवातीच्या काळात चाचणीत रोग बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

या रोगावर खात्रीचा इलाज नाही. महागड्या इंजेक्शनांवर पैसे घालवण्यापेक्षा वासरं वाचवा, माझं मत स्पष्ट आहे. आजारी गाईच्या शेणातून जंतू पडतात, दुधातूनही जातात. म्हणून ती व्यायली की वासरू लगेच बाजूला घ्या. चीक उकळला तर फाटतो, तेव्हा तो तपासलेल्या निरोगी गाईचाच पाजा. पुढे दूध उकळून, कोमट करून द्या. वासरांची जागा उंचावर, मोठ्या गुरांच्या शेणपाण्यापासून दूर हवी. पावसात गोठ्याचं पाणी वासरांच्या बाजूला वाहत असेल तर आधी चर खणा, बाकी सगळं नंतर. जंतू ओल्या सावलीत कित्येक महिने टिकतात, त्यामुळे बाधित गोठ्यातलं ताजं शेण गवताच्या रानात टाकू नका. नीट कुजवून भाताच्या शेतात घाला. शेळ्यामेंढ्यांनाही हा रोग होतो, त्यांची गव्हाण वेगळी ठेवा.

रोग पक्का ठरलेलं जनावर बाजारात विकणं म्हणजे तो दुसऱ्याच्या दावणीला बांधणं. त्याचं काय करायचं ते पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा. आणि पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेतून किंवा एखाद्या तबेल्यातून स्वस्तातली, वाळलेली म्हैस घ्यायची झाली, तर आधी शेपटीमागे आणि मांड्यांवर पातळ शेण चिकटलंय का ते बघा. तिला घरी आणल्यावर तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळी बांधा.