आकडा छापण्याआधी: सरकारी डेटा आणि शीट हाताळताना या चुका टाळा

एक्सेल किंवा गुगल शीट्स शिकायला घेतलं की सुरुवातीला सगळं लक्ष फॉर्म्युल्यांवर जातं. व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातली जुळणारी नोंद आणणारं सूत्र) जमलं, पिव्होट टेबल (गटवार गोळाबेरीज करणारा तक्ता) जमलं, की डेटा पत्रकारिता आली असं वाटायला लागतं. पण फॉर्म्युला चुकला तर शीट निदान #एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं दाखवते. जिल्ह्याची लोकसंख्या दोनदा मोजली गेली, बदललेली व्याख्या लक्षात आली नाही, कंसातला आकडा गुपचूप उणे झाला, तर शीट काहीच बोलत नाही. ती नीटनेटका आकडा देते, आणि दुसऱ्या दिवशी तो गावोगावी वाचला जातो. म्हणून या लेखात जास्त जागा अशा न बोलणाऱ्या चुकांना दिली आहे. उदाहरणं आपल्याच राज्याच्या आकड्यांतली घेतली आहेत.

फाइल उघडतानाच होणारं नुकसान

सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून ती उघडू नका. एक्सेल अशा वेळी प्रत्येक कॉलमबद्दल स्वतःच अंदाज बांधतं आणि ते अंदाज आपल्या सोयीचे नसतात. मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसली तर तो एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न आहे. रिकामी वर्कबुक उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि फाइल ओरिजिन ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ करा. पीडीएफमधून कॉपी केल्यावर असंच काही दिसत असेल, तर बहुधा मूळ मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही, युनिकोड कन्व्हर्टरच लागेल. त्यातून निघालेलं प्रत्येक गावाचं नाव मूळ कागदाशी ताडून पाहा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

तारखांचा घोळ जास्त धोकादायक, कारण तो अर्धाच दिसतो. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ०५/०६/२०२४ ही ५ जूनची नोंद ६ मे होऊन बसते. १३/०६/२०२४ मध्ये मात्र तेरावा महिना नसल्याने एक्सेल तिला हात लावत नाही, ती साधा मजकूर म्हणून राहते. परिणामी अपघातांच्या यादीतले महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतले बहुतेक अपघात भलत्याच महिन्यांत जातात आणि उरलेले मोजलेच जात नाहीत. ओळखायची खूण अशी: त्याच कॉलममधल्या काही तारखा उजवीकडे टेकलेल्या असतात, काही डावीकडे. हे दिसलं की तिथल्या तिथे दुरुस्ती करत बसू नका. मूळ फाइल पुन्हा आणा, तारखेचा कॉलम मजकूर म्हणून घ्या आणि मग दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगून त्याचं रूपांतर करा. गुगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकॅल इथे भारत निवडलेलं आहे ना, हे आधी बघा.

कोडच्या कॉलमलाही हाच नियम लावा. २०११ च्या जनगणनेत तालुक्यांचे कोड पाच अंकी आहेत आणि महाराष्ट्रातले कोड शून्याने सुरू होतात. एक्सेलने ते संख्या मानले की पुढचं शून्य गेलं, आणि दुसऱ्या शीटशी जोडणी एकाही तालुक्याची होत नाही. ज्या आकड्यांची बेरीज करायला काही अर्थ नाही, ते सगळे मजकूर म्हणूनच आणावेत.

आता कंसाची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रकांत काही टक्केवाऱ्या कंसात छापलेल्या असतात. त्याचा अर्थ ती टक्केवारी फक्त २५ ते ४९ नमुन्यांवर आधारलेली आहे. २५ पेक्षा कमी नमुने असतील तर आकड्याऐवजी फुली (*) असते. हिशेबनीसांच्या पद्धतीत कंस म्हणजे उणे, आणि एक्सेल तीच पद्धत मानतं. त्यामुळे (३५.२) पेस्ट केलं की सेलमध्ये उणे ३५.२ येतं. कुपोषणाचं प्रमाण उणे दिसलं तर निदान कोणाच्या तरी लक्षात येईल. सरासरीत मिसळून गेलं तर कोणाच्याही येणार नाही. नुसता कंस काढून टाकणं हाही उपाय नव्हे. शेजारी एक कॉलम करा आणि त्यात ‘कमी नमुने’ अशी नोंद ठेवा.

रिकामा सेल, आडवी रेघ आणि शून्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाच्या तक्त्यात महसूल मंडळापुढे शून्य असेल तर पाऊस पडला नाही. रेघ असेल तर बहुधा नोंदच आलेली नाही. रेघांच्या जागी शून्य भरलं की कोरडा तालुका कागदावर तयार होतो.

एक ओळ म्हणजे नेमकं काय?

कुठलीही शीट उघडल्यावर हा पहिला प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्याची राज्य आणि जिल्हा पातळीची फाइल घ्या. तिच्यात महाराष्ट्राची एक ओळ एकूण लोकसंख्येची, एक ग्रामीण आणि एक शहरी अशा तीन ओळी आहेत. खाली प्रत्येक जिल्ह्याच्याही अशाच तीन. लोकसंख्येचा कॉलम निवडून बेरीज केलीत तर राज्याची लोकसंख्या जवळपास ४५ कोटी येईल. खरी आहे ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३. म्हणजे बरोबर चौपट: एकदा एकूण, एकदा ग्रामीण अधिक शहरी, आणि हे दोन्ही राज्याच्या व जिल्ह्यांच्या पातळीवर.

४५ कोटी कोणी छापणार नाही, कारण राज्याची लोकसंख्या साधारण किती हे आपल्याला ठाऊक असतं. एखाद्या तालुक्यातल्या शेतमजूर स्त्रियांची संख्या कोणाला ठाऊक असते? तिथे दुप्पट झालेला आकडा सहज खपून जातो. त्यामुळे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक हिशेब त्याच शीटवर करून बघायचा. तो जुळला तरच पुढे जायचं.

नावांवर जोडणी आणि हललेल्या सीमा

दोन खात्यांची शीट जिल्ह्याच्या नावावर जोडायला गेलात की अर्धे जिल्हे गळतात. जनगणनेत बीडचं इंग्रजी स्पेलिंग बी-आय-डी आहे, इतर बहुतेक ठिकाणी त्यात डबल ई असतो. रायगडच्या शेवटी जनगणनेत ‘एच’ आहे, त्यामुळे तो छत्तीसगडच्या रायगढशी अगदी सारखा दिसतो. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नवी नावं काही फाइल्समध्ये आली आहेत, काहींत नाहीत. उपाय एकच: जोडणी कोडवर करा. कोड नसेल तर जुनं नाव, नवं नाव आणि कोड असा ३६ जिल्ह्यांचा तक्ता एकदा स्वतः बनवून जपून ठेवा. व्हीलुकअपमध्ये शेवटी फॉल्स किंवा शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर ते ‘जवळपासचं’ उत्तर आणतं आणि तक्रारही करत नाही. नावं सारखी दिसूनही जुळत नसतील तर वेबसाइटवरून आलेली न दिसणारी जागा त्यात असू शकते. जादा जागा काढणारं ट्रिम हे सूत्र तिला काढत नाही. सबस्टिट्यूट या सूत्रात कॅर(१६०), म्हणजे त्या जागेचा कोड, देऊन ती काढावी लागते.

नावं जुळली तरी काम संपत नाही. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार १४८ होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. आज ठाण्यात नोंदलेल्या रुग्णांना त्या जुन्या लोकसंख्येने भागलं, तर दर चौथाईपेक्षा जास्त कमी दिसेल आणि ठाण्याची तब्येत अचानक सुधारल्याची खोटी बातमी तयार होईल. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची २०११ ची बेरीज करा. ती २९ लाख ९० हजार ११६ येते. ती वजा करूनच आजच्या ठाण्याशी तुलना करायची. शिकणाऱ्या प्रत्येकाने हा सराव एकदा तरी हाताने करावा असं मला मनापासून वाटतं. गुन्ह्यांच्या आकड्यांत गुंता आणखी वाढतो, कारण तिथे महसुली जिल्हे नव्हे, तर पोलीस घटक मोजले जातात. २०२० मध्ये सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचा एक भाग ठाणे जिल्ह्यात आहे, दुसरा पालघरमध्ये.

व्याख्या बदलली, बातमी उलटली

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली देशभरात शेती व्यवसायातल्या ११,७७२ आत्महत्या आहेत. २०१४ च्या अहवालात ‘शेतकरी’ या शीर्षकाखाली ५,६५० आहेत. दोन सेल घ्या, टक्केवारी काढा: ५२ टक्के घट. सूत्र बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. २०१४ पासून वर्गवारी बदलली आणि शेतमजुरांचा वेगळा रकाना आला. त्या रकान्यात ६,७१० नोंदी आहेत. दोन्ही मिळून होतात १२,३६०. म्हणजे एकत्र पाहिलं तर संख्या कमी झालेलीच नाही.

विदर्भ-मराठवाड्यात बातमीदारी करणाऱ्याने आणखी एक भेद कायम डोळ्यांसमोर ठेवायला हवा. महसूल विभागाच्या याद्यांत ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने असतात. ते एक लाखाच्या शासकीय मदतीच्या निकषांवर ठरतात. पात्र प्रकरणं म्हणजे एकूण आत्महत्या नव्हेत. दोन स्रोत एकाच आलेखात एका रेषेने जोडले तर रेषा कुठे तरी कोसळते किंवा उसळते, आणि ती हालचाल शेतकऱ्याच्या घरातली नसून कार्यालयातल्या निकषांची असते. अशा याद्यांत मृतांची आणि वारसांची नावं असतात. शीट कोणालाही पाठवण्याआधी ते कॉलम काढून टाका. नुसते लपवले तर एका क्लिकवर परत दिसतात.

टक्के, सरासरी, नमुना

राज्याची साक्षरता २००१ मध्ये ७६.८८ टक्के होती, २०११ मध्ये ८२.३४. ही वाढ ५.४६ टक्केबिंदूंची (दोन टक्केवाऱ्यांची सरळ वजाबाकी) आहे, टक्क्यांत सांगायची तर सुमारे ७.१ टक्क्यांची. दोन्ही बरोबर आहेत, पण बातमीत कोणती सांगतोय हे स्पष्ट हवं. हा दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येवर काढलेला असतो. एकूण लोकसंख्येने भागलं तर तो तुम्हाला कधीच मिळणार नाही.

टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. ठाण्याची साक्षरता ८४.५३ टक्के, नंदुरबारची ६४.३८. साधी सरासरी साडेचौऱ्याहत्तरच्या आत येते. दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसांचा एकत्र दर मात्र ८२ च्या आसपास आहे, कारण ठाण्यात माणसं कितीतरी जास्त आहेत.

पाहणी आणि मोजणी यांत फरक करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३१,६४३ कुटुंबं होती. ३६ जिल्ह्यांत विभागली तर जिल्ह्यामागे नऊशेच्याही आत. त्यातून गेल्या पाच वर्षांत जन्मलेली मुलं मोजायची म्हटलं की आकडा फारच लहान होतो. ‘अमुक जिल्ह्यात जन्मवेळचं लिंगगुणोत्तर घसरलं’ हे हेडिंग एवढ्या नमुन्यावर देता येत नाही. जनगणनेतही एक सापळा आहे: २०११ चं राज्याचं बाल लिंगगुणोत्तर आधी आलेल्या तात्पुरत्या (प्रोव्हिजनल) आकड्यांत ८८३ होतं, अंतिम आकड्यांत ८९४. दोन्ही आकडे अजून इंटरनेटवर फिरतात. छापायचा तो अंतिम.

माहिती मागतानाच नीट मागा

यातल्या बऱ्याच अडचणी माहिती अधिकाराचा अर्ज लिहितानाच टळतात. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम २ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क त्या अधिकाराचाच भाग आहे. म्हणून ‘छायांकित प्रत’ असं सवयीने लिहू नका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, त्यामुळे शब्द जपून वापरा: ‘सदर माहिती कार्यालयात ज्या एक्सेल स्वरूपात ठेवली आहे त्याच स्वरूपात, तालुकानिहाय, वर्षनिहाय, गावाच्या जनगणना कोडसह द्यावी. रकान्यांतील संक्षेपांचे अर्थ व या काळात तक्त्याचा नमुना किंवा व्याख्या बदलली असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी.’ शेवटचं वाक्य कधीही गाळू नका.

उत्तर हाती आलं की मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि काम तिच्या प्रतीवर करा. त्याच वर्कबुकमध्ये एक कोरी शीट ठेवून काय बदललं, कोणत्या ओळी गाळल्या आणि का, हे तारखेसह लिहीत जा. एवढं करूनही एखादा रकाना उमगला नाही, तर जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन विचारा. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन तिथेच तयार होतं, आणि कोणत्या खात्याचा आकडा कुठून येतो हे तिथल्या माणसांना माहीत असतं.