महोत्सवाला माहितीपट पाठवताना: एका सहीने मला शिकवलेले

मानवाधिकारांना वाहिलेल्या महोत्सवांसाठी माहितीपट करू पाहणाऱ्यांना कॅमेरा, संकलन, उपशीर्षके यांविषयी मी नव्याने काही सांगावे असे नाही. महोत्सव निवडण्याबद्दल मात्र एक सांगते. पहिल्या वर्षी मी १९ ठिकाणी प्रवेशशुल्क भरले आणि १९ ठिकाणांहून नकार आला. प्रत्येक महोत्सवाचा स्वभाव निराळा असतो. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेला महोत्सव, ‘पीपल इन नीड’ या चेक संस्थेने १९९९ पासून प्रागमध्ये भरवलेला ‘वन वर्ल्ड’ आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेचे अधिवेशन चालू असतानाच जिनिव्हात भरणारा महोत्सव, या तिघांचा प्रेक्षक कधी एक नव्हता. महोत्सवाची आधीची निवड नीट पाहावी, तीन-चार ठिकाणे ठरवावीत आणि उरलेले पैसे उपशीर्षकांवर खर्च करावेत.

भारतात सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते; तिच्यासाठी अर्ज साधारणपणे आयोजक करतात, पण सूट मिळेलच असे नाही. २०१७ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात तीन चित्रपटांना ती नाकारली गेली. त्याआधी २००४ मध्ये मुंबईतल्या ‘मिफ’ या सरकारी माहितीपट महोत्सवाच्या वेळी प्रमाणपत्राच्या सक्तीवरून वाद पेटला आणि माहितीपटकारांनी ‘विकल्प’ हा स्वतःचा समांतर महोत्सव भरवला. एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे; त्या भीतीने विषय बदलू नये.

मी फसले ते संमतीपत्रात. माझा २६ मिनिटांचा माहितीपट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगारांवर होता. एका दादांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले की, मुकादम हातमोजेसुद्धा देत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवणे हा गुन्हा आहे, म्हणजे त्यांचे ते एक वाक्य ठेकेदाराविरुद्धचा पुरावाच होते. मला ते चित्रपटाचा सर्वोच्च क्षण वाटले. संमतीपत्र इंग्रजीत होते; दादा डबा खात असताना मी त्याचा अर्थ दोन मिनिटांत सांगितला, ‘परदेशात दाखवणार आहोत’ असे म्हटले आणि भाजी लागलेल्या हाताने त्यांनी सही केली.

पुढे एका महोत्सवाने निवडलेले चित्रपट ऑनलाइनही दाखवले. कोणीतरी त्यातला तुकडा मोबाइलवर उतरवून घेतला आणि तो फिरत फिरत मुकादमाकडे पोहोचला. दादांच्या पाळ्या बंद झाल्या. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. ते एवढेच म्हणाले, “ताई, तुम्ही परदेशात म्हणाला होता. आमचा मुकादम कुठे परदेशात राहतो?”

म्हणून सांगते, आणि लांबण लागली तरी सांगते: संमती एकदा घेऊन भागत नाही. चित्रीकरणापूर्वी, संकलन झाल्यावर आणि प्रत्येक नव्या माध्यमापूर्वी ती पुन्हा मागावी. कागद समोरच्याच्या भाषेत असावा; सभागृह, ऑनलाइन, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमांवरची झलक यांना स्वतंत्र होकार-नकार असावा; संमती कधीपर्यंत मागे घेता येईल हेही त्यात लिहावे. वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या तिसऱ्या माणसाकडून कागद वाचून घ्यावा, स्वतः वाचू नये, कारण आपण नकळत घाई करतो. महोत्सवाशी करार करतानाही ऑनलाइन प्रदर्शनाचे कलम वेगळे काढून घ्यावे. बरेच आयोजक ते मान्य करतात. मी विचारलेच नव्हते.

‘आधी निवड होऊ दे, कागद मागाहून बघू’ असे सांगणारे मार्गदर्शक मला दोन भेटले. दोघांच्याही चित्रपटांत त्यांचे स्वतःचे कोणी नव्हते. अशांपासून लांब राहावे.

याने घाबरून काम सोडू नका. मीही सोडले नाही. नव्या आवृत्तीत मी दादांचा चेहरा झाकला, आवाज बदलला आणि पाठवण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर ती दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले, मग बोट ठेवून एक दृश्य थांबवायला सांगितले. चेंबरच्या कडेला त्यांची सायकल उभी होती आणि तिच्या मडगार्डावर लाल रंगात मुलीचे नाव होते. चेहरा झाकून उपयोग नाही, ही सायकल अख्खी वस्ती ओळखते, असे ते म्हणाले. ती ११ सेकंदे मी तिथेच बसून कापून टाकली.