बसबारचा सेन्सर: नुसता आकडा नको, फरक बघा

स्विचगिअर पॅनेलमध्ये (वीज जोडण्या-तोडण्याची उपकरणं असलेल्या पेटीत) वायरलेस तापमान सेन्सर बसवताना तो बसबारच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्टीच्या, मधोमध नको. शटडाउन घेऊन, म्हणजे वीज बंद करून, बोल्टच्या जोडाला अगदी लागून बसवा. सैल जोड तिथेच तापतो. तिन्ही फेजवर त्याच जागी एकेक हवा. नुसत्या ७० अंशांवरून फारसं कळत नाही, पण करंट सारखा असताना दोन फेज ५० वर आणि तिसरा ७० वर दिसला, तर जोड तपासायलाच हवा. करंट निम्मा झाला की जोडातली उष्णता चौथाईवर येते, म्हणून कमी लोडवर सगळं आलबेल वाटतं. आणि हो, पत्र्याचं दार सिग्नल अडवतं. रिसीव्हरचा अँटेना आतच, लाइव्ह भागांपासून सुरक्षित अंतरावर लावा. रेंज मात्र दार बंद करूनच तपासा.