नॅचरल रिसोर्स कन्झर्व्हेशनची डिग्री निवडताय? मग या चुका टाळा

जंगल, माती, पाणी, वन्यजीव यांच्यासाठी काम करायचंय आणि त्यातच बॅचलर्स करायचं डोक्यात असेल तर सगळ्यात आधी कोर्सचं ब्रोशर बाजूला ठेवा आणि पूर्ण सिलॅबस मिळवा, पहिल्या सेमिस्टरपासून शेवटच्यापर्यंत. ब्रोशरवर सगळीकडे तेच असतं, डोंगर, धुकं, दुर्बीण घेतलेली मुलं. नोकरी देणारे मात्र मार्कशीट बघतात, कुठला विषय किती क्रेडिटचा केलाय ते मोजतात, आणि लोक नेमकं हेच ॲडमिशनच्या वेळी बघत नाहीत.

डिग्रीच्या नावाला भुलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कन्झर्व्हेशन, एन्व्हायर्नमेंटल सायन्स, एन्व्हायर्नमेंटल स्टडीज, फॉरेस्ट्री, वाइल्डलाइफ मॅनेजमेंट ही नावं ऐकायला एकसारखी वाटतात पण आतला माल खूप वेगळा असतो. एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये बऱ्याच ठिकाणी प्रदूषण आणि केमिस्ट्रीवर भर असतो, स्टडीजमध्ये धोरण आणि समाजशास्त्र जास्त, फॉरेस्ट्रीत झाडांची मोजणी, लागवड, लाकूड. कन्झर्व्हेशनमध्ये यातलं थोडं थोडं सगळं येतं आणि तिथेच घोळ होतो, कारण थोडं थोडं शिकून कुठल्याच पदाची अट पूर्ण होत नाही असंही होऊ शकतं.

उदाहरण देते. अमेरिकेत सरकारी वाइल्डलाइफ बायोलॉजिस्ट व्हायचं तर नुसती संबंधित डिग्री पुरत नाही, त्यात वन्यजीव विषयांचे निदान ९, प्राणिशास्त्राचे १२ आणि वनस्पतिशास्त्राचे ९ क्रेडिट लागतात. म्हणजे कोणी सगळे इलेक्टिव्ह (आपल्या निवडीचे विषय) प्राण्यांचेच घेतले आणि वनस्पतिशास्त्र टाळलं तर डिग्रीवर नाव कितीही छान असू दे, अर्ज तिथेच अडतो. भारतात फॉरेस्ट सर्व्हिसच्या परीक्षेलाही तसंच, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, स्टॅटिस्टिक्स, पशुवैद्यक यातला निदान एक विषय पदवीला असावा लागतो नाहीतर मग ॲग्रीकल्चर, फॉरेस्ट्री किंवा इंजिनिअरिंगची पदवी, आणि या यादीत पर्यावरणशास्त्र हा विषय नाही. देश कुठलाही असो, आपल्याला जे पद हवंय त्याच्या चार-पाच जाहिराती आधी शोधा, पात्रतेच्या अटी कागदावर उतरवा आणि सिलॅबस शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. एक दुपार जाईल, पण चार वर्षं वाचतील.

गणित टाळता येईल म्हणून हा कोर्स घेणं

हे खूप जण करतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण निसर्गावर जीव असलेली हुशार मुलं स्टॅटिस्टिक्सला घाबरून मागे पडतात. कन्झर्व्हेशनचं रोजचं काम म्हणजे मोजणं. किती हरणं, किती हेक्टर, किती गाळ, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. आणि मोजणीत चूक झाली की काय होतं हे बघायचं असेल तर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची गोष्ट वाचा. साठा संपत चालला होता तरी बोटींना मासा चांगला मिळत राहिला, कारण उरलेला मासा थोड्या जागांत गोळा झाला होता आणि बोटींची यंत्रं सुधारली होती, त्यामुळे साठ्याचा अंदाज बराच काळ खऱ्यापेक्षा जास्त धरला गेला. शेवटी १९९२ मध्ये मासेमारीवर बंदी आणावी लागली, सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं, आणि ती बंदी उठायला २०२४ उजाडलं. मासा जास्त दिसतोय म्हणजे तो जास्त आहे असं नाही, हा फरक ज्याला आकड्यांत पकडता येतो तो या क्षेत्रात उपयोगाचा माणूस. म्हणून कोर्समध्ये स्टॅटिस्टिक्सचे निदान दोन पेपर आहेत का, सॅम्पलिंग (थोडे नमुने मोजून सगळ्याचा अंदाज काढणं) शिकवतात का, आर (R) सारखं आकडेवारीचं सॉफ्टवेअर मुलं स्वतः चालवतात का हे विचारा. नसेल तर तो कोर्स कच्चा आहे असं मी सरळ म्हणेन.

सहलीला फिल्डवर्क समजणं

अभयारण्यात बसने गेलो, फोटो काढले, रिपोर्ट लिहिला, हे फिल्डवर्क नाही. फिल्डवर्क म्हणजे मुलांनी स्वतः ट्रान्सेक्ट टाकायचा (ठरलेल्या सरळ रेषेवरून जात नोंदी घ्यायच्या), क्वाड्रॅट म्हणजे मोजणीसाठी आखलेले चौकोन मांडायचे, कॅमेरा ट्रॅप म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावायचे, मातीचे नमुने घ्यायचे, नोंदवही भरायची आणि परत येऊन त्याच डेटाचं विश्लेषण करायचं. साधी गोष्ट बघा, झाडाचा घेर किंवा व्यास छातीच्या उंचीवर मोजतात, आता ही उंची अमेरिकेत आणि भारतात १.३७ मीटर धरतात, युरोपात १.३ मीटर, आणि उतारावर उभं झाड असेल तर वरच्या बाजूने मोजायचं. हे पुस्तकात एका ओळीत संपतं पण हाताला वळण लागायला शंभर झाडं मोजावी लागतात.

कोर्सबद्दल विचारायचं ते असं: फिल्डचे एकूण किती दिवस, डेटा कोण गोळा करतं, तो डेटा पुढे कुठे वापरला जातो. शिकणाऱ्या सीनियरला त्याची नोंदवही दाखव म्हणा, पाच मिनिटांत कळेल. पूर्ण ऑनलाइन डिग्री असेल तर हाच प्रश्न दुप्पट महत्त्वाचा.

जीआयएसचंही तसंच, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळायच्या तंत्राचं. आहे एवढं ऐकून समाधान मानू नका, एकच थिअरी पेपर आहे की खरे नकाशे करून घेतात ते बघा.

माणसं सोडून फक्त निसर्ग शिकणं

जंगल, कुरण, तळं यांच्यावर कोणीतरी जगत असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयासाठी, लोक सामायिक संसाधनं स्वतः नियम करून नीट सांभाळू शकतात, कुठल्या परिस्थितीत जमतं आणि कुठल्या नाही, हे त्यांनी दाखवलं. ज्या कोर्समध्ये कायदा, अर्थशास्त्र, लोकांशी बोलून माहिती घ्यायच्या पद्धती यातलं काहीच नाही तिथून बाहेर पडलेल्या मुलाला गावसभेत उभं राहिल्यावर काय बोलावं हे सुचत नाही. कामाचा मोठा भाग मीटिंग, परवानग्या आणि रिपोर्ट यात जातो हेही आधीच माहीत असलेलं बरं.

प्लेसमेंटचा आकडा आणि रँकिंग जसंच्या तसं घेणं

नव्वद टक्के प्लेसमेंट लिहिलंय? कशाचे नव्वद टक्के? उत्तर दिलेल्यांचे की सगळ्या बॅचचे? या क्षेत्रात सुरुवातीच्या खूप नोकऱ्या सीझनल असतात, तीन-सहा महिन्यांच्या, त्या यात धरल्यात का? मास्टर्सला गेलेले धरलेत का? कॉलेजने उत्तर टाळलं तर दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्यांना शोधा आणि सध्या काय करता एवढंच विचारा. युनिव्हर्सिटीच्या मोठ्या रँकिंगमध्ये रिसर्च पेपरला बरंच वजन असतं, बॅचलर्सच्या मुलांना फिल्डवर किती नेतात हे त्यात दिसत नाही.

मान्यतेचंही दोनदा तपासा. युनिव्हर्सिटीला मान्यता असणं वेगळं आणि त्या कोर्सला व्यावसायिक संस्थेची मान्यता असणं वेगळं, जसं अमेरिकेत फॉरेस्ट्रीच्या कोर्सना सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्सची मान्यता असते. तुमच्या कामाला ही व्यावसायिक संस्थेची मान्यता लागतच नसेल तर तिच्यामागे धावू नका.

आधीच ॲडमिशन घेतलीय आणि आता कळतंय, तर?

घाबरू नका, बहुतेक वेळा सावरता येतं. दुसऱ्या वर्षापर्यंत लक्षात आलं तर इलेक्टिव्ह वळवा, वनस्पतिशास्त्र नाहीतर स्टॅटिस्टिक्स दुसऱ्या विभागातून घेता येतं का ते लेखी विचारा. जीआयएस कच्चं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून सगळ्यांना मोफत आहेत, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रंही मिळतात, त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, एखाद्या तलावाचं क्षेत्र वीस वर्षांत कसं बदललं हा नकाशा स्वतः करून ठेवा, मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा तो जास्त बोलतो. फिल्डवर्क नसेल तर सुट्टीत एखाद्या संशोधकाकडे मदतनीस म्हणून जा आणि शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट ग्रंथालयातला न करता स्वतःच्या डेटावर करा. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी आहात तर डिग्री सोडून देण्याआधी, हव्या त्या विषयात मास्टर्सला हीच डिग्री चालते का ते बघा, बऱ्याचदा चालते.

अजून एक, हे बहुतेकांना खूप उशिरा कळतं. प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस दर सेमिस्टरला डाउनलोड करून तारखेसकट जपून ठेवा. पुढे परदेशात शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला की तुमच्या विषयांचं मूल्यमापन होतं, आणि मार्कशीटवर नुसतं पेपर तीन किंवा कोअर कोर्स दोन असं छापलेलं असलं तर त्यात इकॉलॉजी होतं की मृदाशास्त्र हे सिद्ध करायला तोच कागद लागतो. दरम्यान सिलॅबस बदललेला असतो, वेबसाइटवरून जुना काढून टाकलेला असतो, आणि विभागात विचारायला जावं तर तो विषय शिकवणारे सरही रिटायर झालेले असतात.